भाभींची शेवंती आणि मदतीला धावलेले आम्ही

दिवाळी झाली, चिवड्याच्या डब्यात तळाला नुसतं तिखट उरलं, आजूबाजूच्या कारखान्यांची धुराडी पेटली आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या लोकांनी कपाटातून स्वेटर काढून उन्हात टाकले. आता थंडी पडायची, एवढाच प्रश्न होता. थंडीऐवजी वादळ आलं. अरबी समुद्रात कुठंतरी हवेचा दाब कमी झाला आणि त्याची शिक्षा सांगलीतल्या शेवंतीला झाली, तीही ऐन कळीवर असताना.

आम्ही चौघं बागेतले मित्र. ‘बागेतले’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण बागेबाहेर आमचं एकमेकांशी दहा मिनिटंसुद्धा पटत नाही. त्यातले सुभेदार मूळचे कुंडलचे. फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी इथं बंगला बांधला. ऊस मात्र कुंडललाच राहिला आणि भाषा कुंडलचीच. ते झाडांना पाणी घालत नाहीत, रेशन देतात. दुसऱ्या सातारकर बाई. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न करून सांगलीला आल्या त्याला तीसेक वर्षं झाली, पण मनानं त्या अजून एसटीतून उतरलेल्या नाहीत. इथलं ऊन, इथलं पाणी, इथली कोथिंबीर, सगळं त्या साताऱ्याशी ताडून बघतात आणि दर वेळी सातारा जिंकतो. तिसरी मी. माझी बाग वाईट आहे, पण बोलणं बरं असल्यामुळे मला ठेवून घेतलंय.

आणि चौथ्या भाभी. खरं सांगायचं तर बाग एकट्या भाभींचीच. बाकी आम्ही बागेविषयी बोलणारे.

भाभींचं घर विश्रामबागेच्या कडेला आहे. पुढं रस्त्याला गाद्यांचं दुकान, मागं घर, एका अंगाला तयार गाद्यांची खोली आणि वर सलग स्लॅब. त्या स्लॅबवर भाभींची शेवंती. पांढरी, पिवळी, जांभळट, आणि एक तांबूस तपकिरी, जिच्या पाकळ्या उलट्या केल्या की सोनेरी दिसतात. ती त्यांनी माहेरून, कराडहून, आणलेली. आमच्या तिघांच्या बागांत जे काही बरं आहे ते या गच्चीवरून चोरलेलं आहे. हे मी लपवत नाही, कारण आमच्यात तशीच रीत आहे. मागून घेतलेलं रोप जगत नाही, चोरलेलं जगतं. वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईंचाही यावर पूर्ण विश्वास आहे. विचारलं तर शास्त्राचं नाव काढतात आणि फांदी मात्र पिशवीत टाकतात. रीत अशी, की कुणाकडे एखादं झाड आवडलं तर पाहुण्यानं त्याच्याकडे नुसतं टक लावून बघायचं. घरवाल्याला कळतं. तो म्हणतो, “चहा टाकतो,” आणि आत जातो. बाहेर येतो तेव्हा फांदी गेलेली असते आणि हवापाण्याच्या गप्पा चाललेल्या असतात. या चोऱ्यांवर आमची मैत्री उभी आहे.

भाभींना नातवंडं आहेत, गुडघे दुखतात, पण त्यांचे जेठ, म्हणजे थोरले दीर, अजून त्यांना ‘दुल्हन’ म्हणतात. त्यांच्याकडे धाकट्या भावजयीला जन्मभर तसंच म्हणतात. या जेठांना सगळी गल्ली मोठे भाई म्हणते. गाद्यांचा धंदा त्यांचा. माणूस ओरडणारा नाही. हळू बोलतात, आणि तेच जास्त भीतीदायक. पावसाळ्यात गाद्यांच्या खोलीच्या छताला एक ओलसर डाग पडला होता, साधारण भाकरीएवढा. मोठे भाई रोज सकाळी त्याच्याखाली उभे राहून त्याच्याकडे बघायचे. शेवटी एक दिवस भाभींना बोलावून म्हणाले, “दुल्हन, माझं म्हणणं एवढंच. एक थेंब. माझ्या गादीवर एक थेंब पडला, की कुंड्या खाली. मग मला कुणी समजवायला यायचं नाही.”

त्यांचंही चूक नव्हतं. तुळशीची लग्नं लागली की माणसांची सुरू होतात, आणि खोलीत तेव्हा एका नवरीचं अख्खं बिछान्याचं सामान तयार होतं. लाल साटीनच्या गाद्या, लोड, तक्के. कापसाला पाणी लागलं तर सगळं उसवून पुन्हा पिंजायचं.

पण भाभींच्या बाजूनं बघा. सून झाल्या, सासू झाल्या, आजी झाल्या. घरात त्यांची स्वतःची म्हणावी अशी एकच जागा होती आणि तिला छप्पर नव्हतं. तिथं त्या सकाळी तासभर एकट्या असत. वर यायला गुडघे नको म्हणायचे आणि खाली जायला भाभी. त्या गच्चीचा निकाल आता एका थेंबावर येऊन ठेपला होता.

वादळाची बातमी आली तशी आमच्या फोनवरच्या गटात मैत्रीची लाट उसळली. सातारकर बाईंनी शेवंतीच्या मुळांवर मोठा संदेश टाकला, जो कुणी वाचला नाही. मी हात जोडल्याची चित्रं टाकली. सुभेदारांनी हुकूम सोडला: सगळ्यांनी जेवून भाभींच्या गच्चीवर हजर व्हायचं, छत्र्या आणायच्या नाहीत, हात मोकळे पाहिजेत. मी छत्री घेऊन गेले.

भाभींनी खाली एकच ओळ लिहिली होती. “येऊ नका हो, मी केलंय सगळं.” ती आम्ही भिडस्तपणा समजलो.

आता मध्येच पाचटाविषयी सांगायला हवं. त्याआधीच्याच आठवड्यात सुभेदारांच्या कुंडलच्या रानातला ऊस तुटून गेला होता आणि मागं उसाचा वाळका पाला, म्हणजे पाचट, ढिगानं पडलं होतं. शहाणा शेतकरी ते सरीत पसरतो, माती ओली राहते. सुभेदारांनी ते टेम्पोत घालून सांगलीला आणलं आणि आमच्या दारात पोती उतरवली. “आवं ताई, माती उघडी ठिवू नगा,” ते मला म्हणाले. “मातीला बी लाज असती. अंगावर कायतरी पायजे.” माझ्या कुंड्यांत झाडंच नसल्यामुळे मला माती झाकणं सोयीचं वाटलं. भाभींच्या मात्र एकूण एक कुंडीत सुभेदारांनी स्वतः मूठमूठ पाचट दाबलं होतं, आणि उरलेलं पोतं गच्चीतच ठेवून आले होते, पुढच्या रेशनसाठी. भाभींनी नको म्हणून पाहिलं. पण पोतं घेऊन आलेल्या माणसाला नको कसं म्हणायचं, हे आपल्याकडे कुणालाच शिकवलेलं नसतं.

तर आम्ही गच्चीवर पोचलो. आभाळ काळं, वारा असा की दोरीवरच्या चिमट्यांनी एकमेकांना धरलेलं. भाभींनी खरंच सगळं केलेलं होतं. कुंड्या जिन्याकडच्या भिंतीला लागून, विटांवर, सरळ रांगेत. प्रत्येक झाडाला काठी, प्रत्येक काठीला जुन्या ओढणीची चिंधी. समोरचा कोपरा, जिथं पाणी खाली जायचं भोक होतं, तो पार रिकामा. त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली गाद्या.

सुभेदारांनी कमरेवर हात ठेवून एक नजर फिरवली.

“भाभी, ही लाइन कुणी लावली?”

“मीच. दरसाल अशीच लावते.”

“वारा कुठनं येतोय? पश्चिमेकडनं. म्हंजे तुमी सगळी पलटण वाऱ्याच्या तोंडाला दिलीया. कवर न्हाई, काय न्हाई. त्या कोपऱ्यात भिंत उंच हाय. सगळा माल तिथं हलवायचा. वरनं ताडपत्री. चला!”

“तिथं नको हो सुभेदार, पाणी तिकडंच…”

“भाभी, तुम्ही बसा,” सातारकर बाई मायेनं म्हणाल्या आणि त्यांना जिन्याच्या पायरीवर बसवलं. “तुमचे गुडघे. आम्ही कशाला आलोय मग? आमच्या साताऱ्यात वाऱ्यात कुंड्या नेहमी घट्ट एकत्र ठेवतात. झाडं एकमेकांना धरून राहतात.”

“अहो, पण तिथून पाणी…”

“बसा म्हटलं ना!”

भाभींनी माझ्याकडे बघितलं. मी छत्री उघडत होते. ती उलटी झाली. त्या गडबडीत मला काही ऐकू आलं नाही, असं मी तेव्हापासून सांगत आले आहे.

सुभेदार आणि बाई यांनी त्या दुपारी जे काम केलं ते पैसे देऊन करून घेता आलं नसतं. सगळ्या कुंड्या उचलून त्यांनी भोकाच्या कोपऱ्यात ठासून बसवल्या. वर ताडपत्री बांधली. ताडपत्री उडू नये म्हणून विटांचा बांध घातला. बांध हलू नये म्हणून सुभेदारांनी उरलेलं पाचटाचं पोतं फटीत दाबलं. सीमेवर मोर्चा बांधावा तसं ते दिसत होतं. माझं काम होतं वाहवा करण्याचं, आणि ते मी चोख केलं.

मग पाऊस आला. पावसाळ्यात येतो तसा हळूहळू नाही. कुणीतरी वर टाकी कलंडल्यासारखा. ताडपत्रीनं दोन मिनिटं तग धरला, मग ती फडफडत उठली आणि शेजारच्या गच्चीवर राहायला गेली. कुंड्या भरल्या, वाहू लागल्या, आणि प्रत्येक कुंडीतलं सुभेदारांचं पाचट तरंगत बाहेर पडून शिस्तीत भोकाकडे निघालं. बांधातलं पोतंही मागून सामील झालं. बघता बघता गच्चीवर घोट्याएवढं पाणी.

“पाणी जात का न्हाई?” सुभेदार ओरडले.

“साताऱ्यात उतार असतो,” बाई ओरडल्या.

भाभी पायरीवरून उठल्या. साडी वर खोचली, आमच्या दोघींच्या मधून सरळ चालत गेल्या, कुंड्यांच्या पलीकडे वाकल्या आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. बराच वेळ चाचपडून त्यांनी एक बोळा ओढून काढला, लहान उशीएवढा, गच्च विणलेला. भोकानं मोठा आवाज केला आणि पाणी गोल फिरायला लागलं. भाभींनी तो बोळा सुभेदारांसमोर धरला.

सुभेदारांनी तो नीट निरखला. “ह्ये कुठलं म्हणायचं?”

“कुंडलचं,” भाभी म्हणाल्या.

तेवढ्यात जिन्याखालून हळू आवाज आला. इतक्या पावसात तो आम्हांला कसा ऐकू आला देव जाणे.

“दुल्हन, जरा खाली ये.”

आम्ही सगळेच गेलो. बोलावलं नसताना जाणं हे आमचं त्या दिवसाचं धोरणच होतं. खोलीत मोठे भाई स्टुलावर बसले होते. मांडीवर स्टीलचं पातेलं, मान वर. छतावरची भाकरी आता परातीएवढी झाली होती आणि तिच्या मधोमध एक थेंब फुगत होता. तो पडला, पातेल्यात टण्ण वाजला. मोठे भाईंनी पातेलं बाजूला करून शेजारची लाल साटीनची गादी दाखवली. वरच्या टोकाला, जिथं नवरीनं डोकं ठेवायचं, तिथं गर्द लाल ओला डाग होता.

“पहिला इथं पडला,” ते म्हणाले. “पातेलं मी नंतर आणलं.”

“मोठे भाई, यात भाभींची काही…” मी सुरुवात केली.

“ताई, तुम्ही भिजलाय. टॉवेल देऊ?”

मी टॉवेल घेतला.

सुभेदारांनी मात्र छाती पुढं काढली. “चूक आमची हाय. पाचट माझं.”

“ते असंल. पण गच्ची माझी आहे,” मोठे भाई म्हणाले. “दुल्हन, बोललो होतो ना?”

भाभींनी मान हलवली. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. हाताला पाचटाचं कुसळ टोचलं होतं, ते काढत राहिल्या. आम्ही तिघं मात्र रडवेले झालो होतो, आणि ते बघून भाभींनाच आमची समजूत काढावी लागली. आमच्या मदतीचं हे शेवटचं टोक.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, निर्लज्जासारखं स्वच्छ. सातारकर बाईंनी उरलेला चिवडा आणला, सुभेदारांनी पेढे. त्यांना कुणी तरी सांगायला हवं होतं की सांत्वनाला पेढे नेत नाहीत. कुंड्या उतरवायच्या होत्या. कुठं उतरवायच्या, हे उघड होतं, पण बोलणार कोण? भाभींनी त्या आम्हांला दिल्या असत्या तर एकही झाड जगलं नसतं. आम्ही मागितल्या असत्या तरी तेच. शेवंती कळीवर, वादळानं हललेली, त्यात हातानं दिलेली. छे! आम्ही तिघं गच्चीत उभे राहून कुंड्यांकडे नुसतं टक लावून बघत राहिलो.

भाभींनी आमच्याकडे एकदा बघितलं. मग पदर खोचला.

“चहा टाकते,” त्या म्हणाल्या आणि खाली स्वयंपाकघरात गेल्या.

तेवढा लांब चहा विश्रामबागेत त्याआधी कुणी केला नसेल. आम्ही भरलेल्या, ओल्या मातीच्या कुंड्या जिन्यावरून उतरवून टेम्पोत चढवत होतो. धापा टाकत, आपटत, एकमेकांना शिव्या घालत. अशी आवाज करणारी चोरी पोलिसांनीही पाहिली नसेल. स्वयंपाकघराचं दार जिन्यासमोरच. भाभी शेगडीकडे तोंड करून पाठमोऱ्या उभ्या.

“साखर किती?” त्या अधूनमधून ओरडून विचारायच्या.

“अजून हाय, भाभी, लय हाय!” सुभेदार जिन्यातून ओरडायचे.

“बरं. दूध तापू दे.”

मोठे भाई दुकानातून बाहेर आले, हा प्रकार त्यांनी कंबरेवर हात ठेवून पाहिला आणि मग एका हातानं दरवाजा धरून ठेवला. “खालची पायरी निसरडी आहे,” एवढंच म्हणाले. दोन कुंड्या त्यांनी स्वतः टेम्पोत ठेवल्या. त्यांना आमची रीत ठाऊक होती. त्याच घरात राहत होते.

भांडण झालं ते शेवटी, कराडच्या तपकिरी शेवंतीवरून. कुंडीचा एक कान सुभेदारांच्या हातात, दुसरा सातारकर बाईंच्या.

“सोडा बाई. मी उचललीय आधी.”

“तुम्ही? तुम्ही हिलाही पाचट घालाल. ही डोंगराकडची जात आहे, हिला माझ्याकडचं वातावरण…”

“तुमचा फ्लॅट मार्केट यार्डाजवळ हाय, गड्या! कसला डोंगर?”

बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी गड्या म्हटलं असावं. त्यांचा हात सुटला. तेवढ्यात शेगडीकडे तोंड करूनच, मान न वळवता, भाभी म्हणाल्या,

“ती ताईंकडं. सुभेदार तिला शिस्त लावतील, मरंल ती. बाई व्याख्यान देतील. ताई काहीच करत नाहीत. जगेल.”

एवढं मोठं प्रशस्तिपत्रक मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं. मी ती कुंडी उचलून निघाले. मग भाभी वळल्या, मोकळ्या जिन्याकडे बघितलं आणि सगळ्यांना चहा दिला. चहाची पार बासुंदी झाली होती. हवापाण्याच्या गप्पा झाल्या.

मला वाटलं, संपलं. घरी आल्यावर मला वाईटही वाटलं, थोडं. मग आपल्या गच्चीवर भाभींची शेवंती मांडून मी फोटो काढला, गटावर टाकायचा मोह आवरला आणि झोपले.

सकाळी अजून धुकं होतं तेव्हा दाराची कडी वाजली. भाभी. डोक्याला स्कार्फ, हातात कात्री, पायांत मोठे भाईंचे बूट.

“चहा टाका,” त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

त्या दिवसापासून माझी गच्ची माझी राहिलेली नाही. आधी त्यांनी शेवंतीची जागा बदलली. मग तिला ऊन मिळावं म्हणून माझी कपडे वाळत घालायची दोरी काढली. मग माझ्या गुलाबाकडे बघून “हे काय आहे?” असं विचारलं, आणि मी “गुलाब” म्हटल्यावर इतक्या दयेनं हसल्या की मीच तो उपटून टाकला. माझ्याकडून त्या सुभेदारांकडे जात. तिथं त्यांनी पाचटावर बंदी घातली आणि कुंड्यांच्या सरळ रांगा मोडल्या. सुभेदार उभे राहून “जी भाभी” म्हणत. तिथून सातारकर बाईंकडे, जिथं सातारा हा शब्द त्यांच्यासमोर निघेनासा झाला. कुणी कशाला विरोध करणार? आपल्या मदतीनं जिचं घर बुडवलं, तिला खत कमी घाला म्हणायचं तोंड कुणाला असतं! एक गच्ची गेली आणि भाभींना तीन बागा मिळाल्या, शिवाय तिथं राबायला तीन माणसं, दोन पदवीधर आणि एक फौजी.

शेवंती फुलली. तपकिरीला एवढं फूल आलं की दूधवाला वर बघत उभा राहायचा.

हाल झाले ते मोठे भाईंचे. भाभी सकाळी निघायच्या त्या ऊन डोक्यावर यायच्या वेळी घरी. नाश्ता नाही, चहा नाही, दुकानाची किल्ली कुठं आहे ते ठाऊक नाही. नवरीच्या गादीत नवा कापूस भरून झाला, ऑर्डर गेली, राग निवला, आणि घर मात्र रिकामं. एक दिवस ते स्वतः माझ्याकडे आले. गच्चीवर येऊन बराच वेळ त्या तपकिरी फुलापाशी उभे राहिले. भाभी एका कुंडीत हात घालून बसल्या होत्या, वर बघितलं नाही.

“दुल्हन,” ते घसा साफ करून म्हणाले, “जिन्यावरचा स्लॅब आहे. त्याच्याखाली गाद्या नाहीत.”

भाभी माती चिवडत राहिल्या.

“ऊन पण येतं तिथं. चांगलं येतं.”

“येतं की.”

“मग? उद्या टेम्पो सांगू?”

माझा जीव टांगणीला लागला. शेवंती जाईल याचं दुःख एकीकडे आणि माझी दोरी, माझी सकाळ, माझं स्वातंत्र्य परत मिळेल याचा आनंद दुसरीकडे. आनंद जरा जास्तच असावा, कारण मी घाईनं म्हणाले, “हो हो, सांगा की मोठे भाई! मी उचलू लागते.”

भाभींनी हात झटकले आणि माझ्या गच्चीवरून एक नजर फिरवली, वाळक्या मोगऱ्यापासून तुटक्या झारीपर्यंत.

“बघू भाईजान,” त्या म्हणाल्या. “इथलं जरा मार्गी लागू दे आधी. या ताईंचं काही खरं नाही.”